बेळगाव भागातली कारखान्याची मजुरी, तासाच्या हिशोबात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर, होनगा किंवा हत्तरगी, कुठल्याही गेटवर पगार विचारा, उत्तर महिन्याच्या आकड्यात येतं. तो आकडा आठ तासांचा की बारा तासांचा, ओटी (ओव्हरटाइम, म्हणजे जादा तासांचं काम) धरून की सोडून, हातात पडणारा की कागदावरचा, हे दोन-तीन उलट प्रश्न केल्याशिवाय कळत नाही. म्हणून खालची सगळी उत्तरं तासाच्या दराभोवती आहेत. उदाहरणांतले रुपये हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत. कुठल्या कारखान्याचे ते दर नव्हेत.

तासाचा दर काढून करायचं काय? महिन्याचा पगार कळला की झालं ना?

घर चालवायला महिन्याचाच आकडा लागतो. पण बेळगावातल्या दोन कारखान्यांची तुलना करायची असेल, किंवा या भागातला उद्योग वर चाललाय की खाली हे बघायचं असेल, तर महिन्याचा आकडा चकवतो. मंदीत पगार तोच राहतो आणि ओटी बंद होते. तेजीत दर तोच राहतो आणि माणूस रात्रीपर्यंत मशीनवर उभा असतो. श्रमाची किंमत वाढली की नुसते तास वाढले, हे तासाने भागल्यावरच कळतं.

पगाराच्या स्लिपवरून तासाचा दर कसा काढायचा?

मूळ वेतन, महागाई भत्ता आणि दर महिन्याला ठरलेले इतर भत्ते यांची बेरीज करा. ओटी वेगळी ठेवा. बेरजेला २०८ ने भागा. २६ दिवस गुणिले ८ तास, असे हे २०८. बेरीज २०,८०० असेल तर दर तासाला १०० रुपये.

पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापून हातात आलेल्या रकमेवर हा हिशोब करू नका. कपात हा तुमच्याच मजुरीचा भाग आहे. ईएसआय लागू असलेल्या आणि नसलेल्या दोन माणसांचे ‘हातातले’ आकडे समोरासमोर ठेवले तर मजुरीत नसलेला फरक दिसायला लागतो. एकूण पगार २१,००० च्या वर गेला की माणूस ईएसआयच्या मर्यादेबाहेर जातो, त्यामुळे २०,८०० आणि २१,२०० वाल्यांच्या कपातीत तफावत येते. दर मात्र जवळजवळ सारखाच असतो.

आमच्याकडे २६ ने भागतात, मित्राच्या कंपनीत ३० ने. बरोबर कोण?

किमान वेतनाचा महिन्याचा दर रोजावर आणताना २६ ने भागायची रीत आहे. साप्ताहिक सुटीचा पगार त्या दरातच धरलेला असतो. ३० ने भागणाऱ्या कंपन्या सुटीचे दिवसही मोजतात. खाडा झाला की ३० चा भागाकार कामगाराच्या पथ्यावर पडतो, कारण कमी कापलं जातं. ओटीचा दर काढताना तोच भागाकार त्याच्या अंगावर येतो. काही ठिकाणी खाड्याला २६ आणि ओटीला ३० अशी सोयीची वाटणी असते. पगारपत्रक बनवणाऱ्याला हे दोन ओळींत दिसतं, कामगाराला वर्षानुवर्षं दिसत नाही. तुलनेसाठी कुठलाही एक भाजक धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

बारा तासांच्या पाळीत मला जास्त पैसे मिळतात. मग माझा दर कमी कसा?

समजा एक जण आठ तासांच्या पाळीत १८,००० घेतो. १८,००० भागिले २०८, म्हणजे तासाला सुमारे ८६ रुपये ५० पैसे. दुसऱ्याला ठेकेदाराने ‘बारा तास, महिन्याचे २४,०००’ असं एकच बोलून ठेवलंय. २६ दिवसांचे तास झाले ३१२. भागाकार केला की ७७ रुपयेसुद्धा भरत नाहीत. सहा हजार जास्त घेणारा माणूस तासाला साडेनऊ रुपयांनी स्वस्त पडतोय.

नियमाने बघाल तर आठवड्याचे ४८ तास संपल्यावर दुप्पट दर लागतो. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेली ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही आहे. कर्नाटकाने २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दिवसाच्या तासांची मर्यादा सैल केली तेव्हा ‘आता बारा तासच’ अशी आवई उठली होती; पण आठवड्याचे ४८ तास त्यातही तसेच होते. बारा तासांच्या सहा पाळ्या म्हणजे ७२ तास. वरचे २४ तास ओटीचेच. ‘एकच रक्कम’ ठरवली की ते २४ तास कागदावरून गायब होतात, आणि इथल्या मजुरीबद्दलचा निम्मा गोंधळ तिथूनच येतो.

मग भागाची स्थिती मोजताना ओटी धरायची की सोडायची?

दोन्ही आकडे काढा आणि शेजारी ठेवा. खरी बातमी त्यांच्यातल्या अंतरात असते.

तासाला १०० वाल्या कामगाराने महिन्यात ४८ तास ओटी केली आणि ती दुप्पट दराने मिळाली, तर त्याचे ९,६०० वाढतात. एकूण ३०,४००, तास २५६, सरासरी ११८ रुपये ७५ पैसे. मूळ दर जागचा हललेला नाही, तरी सरासरी जवळजवळ १९ टक्क्यांनी वर गेली. हीच ओटी ‘सिंगल’ने, म्हणजे साध्या दराने दिली तर २५,६०० भागिले २५६, म्हणजे पुन्हा १००. थोडक्यात, ओटी दुप्पट देणाऱ्या कारखान्यांतच तेजी सरासरीत उमटते. सिंगल देणाऱ्यांकडे कितीही काम आलं तरी आकडा ढिम्म. वरून सपाट दिसणारी रेघ म्हणजे मंदी असं इथे धरून चालू नये.

तेजी-मंदी यात आधी कुठे दिसते?

बेळगावची फौंड्री (ओतकामाचे कारखाने) आणि मशीनशॉप गाड्या, ट्रॅक्टर, पंप, हायड्रॉलिक्स यांच्या मागणीवर चालतात. बाहेरची ऑर्डर वाढली की पहिली हालचाल ओटीत होते, कारण मालकाला नवा माणूस घ्यायची घाई नसते. ऑर्डर टिकेल असं वाटलं की ठेकेदाराला आणखी पोरं आणायला सांगतात. त्यानंतर गेटवर ‘पाहिजेत’चे बोर्ड लागतात: हेल्पर, सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटर, व्हीएमसी (तसंच उभं मशीन) सेटर, फेटलिंग (ओतलेल्या भागाच्या कडा साफ करणारे) कामगार. बोर्डावर ‘राहण्याची सोय’ असं लिहिलेलं दिसलं की समजा, आसपासच्या गावातली माणसं पुरेनाशी झालीत. दर हलतो तो या सगळ्यानंतर, तोही आधी सेटर-ऑपरेटरचा, मग हेल्परचा.

उतरताना क्रम बराचसा हाच, पण दर सहसा खाली येत नाही. ओटी जाते, ठेक्याची माणसं जातात, आठवड्यातला एखादा दिवस बसवून ठेवतात. तासाचा दर तेवढा जागेवर राहतो. त्यामुळे तासाचा दर चढण उशिरा सांगतो आणि उतरण जवळजवळ सांगतच नाही. घसरण ओळखायची असेल तर तासच बघा.

हत्तरगीच्या विमानभागांच्या उद्योगाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथल्या ऑर्डरी परदेशातल्या आणि लांब मुदतीच्या असतात, त्यामुळे ट्रॅक्टरच्या बाजाराचं वारं तिथे त्याच महिन्यात पोचत नाही. दोन्हींची सरासरी एकत्र काढली की दोन्हींबद्दल काहीच कळत नाही.

सरासरी दर वाढला म्हणजे कामगारांचं बरं चाललंय, असं म्हणू का?

घाई करू नका. एका फौंड्रीत २० माणसं आहेत असं समजा. १२ हेल्पर तासाला ६० वर, ८ कसबी मोल्डर (साचे करणारे) आणि भट्टीवाले ११० वर. सरासरी ८०. काम कमी झालं आणि सहा हेल्परना घरी पाठवलं. उरलेल्या १४ जणांची सरासरी होते ८८ रुपये ५० पैशांच्या वर. एकालाही पगारवाढ नाही, सहा जणांची चूल थंड, आणि आकडा दहा टक्क्यांहून जास्त चढलेला!

उलटही घडतं. भरभराटीच्या वर्षी नवखे हेल्पर मोठ्या संख्येने घेतले की सरासरी खाली येते. म्हणून सरासरीच्या जोडीला एकाच पदाचा दर बघावा. माझ्या मते आपल्या भागासाठी सगळ्यात बोलका आकडा आहे अनुभव नसलेल्या हेल्परला पहिल्या दिवशी कबूल केलेला तासाचा दर. त्यात जुन्या करारांचं ओझं नसतं, हुद्द्याची बढती नसते. माणूस मिळेनासा झाला तरच तो वाढतो.

सरकार हा आकडा प्रसिद्ध करतं का?

बेळगाव जिल्ह्यासाठी, दर महिन्याला, तासाच्या हिशोबात? नाही. तुकडे बरेच आहेत.

वार्षिक उद्योग पाहणी नोंदणीकृत कारखान्यांची असते: वीज वापरणारे आणि दहा किंवा जास्त कामगार असलेले, किंवा विजेशिवाय वीस. त्यात दिलेली मजुरी आणि भरलेले मनुष्यदिवस दोन्ही मिळतात. एकाला दुसऱ्याने भागलं की रोजाचा दर येतो, तासाचा नाही, आणि आकडे हातात येईपर्यंत बाजार पुढे गेलेला असतो. ठेक्याच्या कामगारांची वेगळी मोजणी हे या पाहणीचं मोठं काम. देशभरात कारखान्यांतल्या कामगारांमध्ये त्यांचा वाटा अलीकडे ४० टक्क्यांच्या आसपास आहे. श्रमिक बलाची नियतकालिक पाहणी, म्हणजे पीएलएफएस, २०१७-१८ पासून चालू आहे. ती घराघरात जाऊन विचारते, म्हणून तिच्यात कामाचे तास आणि कमाई दोन्ही येतात. जानेवारी २०२५ पासून तिची आखणी बदलली आणि रोजगाराचे देशपातळीवरचे आकडे दर महिन्याला यायला लागले. केंद्र सरकारच्या लेबर ब्युरोचा मजुरी दर निर्देशांक २०१६ आधारवर्षाचा, ३७ उद्योगांचा. तो देशाचं चित्र देतो. पीएफ खात्यांचे मासिक आकडे माणसं किती वाढली ते सांगतात, दर सांगत नाहीत.

आणि दहाच्या आतल्या वर्कशॉपचं काय? उद्यमबागेच्या आतल्या गल्ल्यांत दोन लेथ, एक ड्रिल आणि चार माणसं घेऊन जॉबवर्क करणाऱ्या शेड बऱ्याच आहेत. उद्योग पाहणीत त्या येतच नाहीत.

इतर देशांत हा आकडा खरंच महिन्याला मिळतो?

अमेरिकेत मिळतो. तिथलं कामगार सांख्यिकी खातं दर महिन्याच्या १२ तारखेचा दिवस ज्या पगार-कालावधीत येतो, त्याची पगारपत्रकं कारखान्यांकडून मागवतं आणि सरासरी तासिक कमाई काढतं. देशाची, राज्यांची आणि मोठ्या शहरांचीही. ओटीचा जादा दर त्यात धरलेला असतो, अधूनमधून मिळणारा बोनस नसतो. तिथे बहुतेक कामगारांचा पगार मुळातच तासावर ठरतो, म्हणून हे जमतं. आपल्याकडे ठरतो महिन्यावर, रोजावर, नगावर किंवा किलोवर, आणि तास हजेरीच्या वहीत राहतात.

सीमेपलीकडे, कागल-गोकुळ शिरगावला, जास्त मिळतं असं म्हणतात. खरं का?

निपाणीच्या चहाच्या टपरीवर यावर वाद कधी संपत नाही. कोगनोळीचा नाका ओलांडला की काही मिनिटांत कागल, पुढे गोकुळ शिरगाव, शिरोली. पश्चिमेला चंदगड तालुक्यातलं शिनोळी तर बेळगाव शहराच्या इतकं जवळ की माणसं सकाळी दुचाकीवर जातात आणि संध्याकाळी परत येतात. उलट दिशेने चंदगड-गडहिंग्लजची पोरं उद्यमबागेत येतात. काम तेच, मशीन तेच, कित्येकदा गिऱ्हाईकही तेच. बदलतं फक्त राज्य. अभ्यासकाला अशी जागा मिळणं भाग्याचं.

पण तुलना करताना तीन फटी बुजवाव्या लागतात. पहिली तारखेची. कर्नाटकात किमान वेतनावरचा बदलता महागाई भत्ता वर्षातून एकदा, १ एप्रिलला बदलतो. महाराष्ट्रात विशेष भत्ता दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. मार्च महिन्यात दोन्हीकडच्या स्लिपा शेजारी ठेवल्या तर आपल्याकडचा भत्ता जवळजवळ वर्षभर जुना असतो, तिकडचा दोन-तीन महिन्यांचा. तेवढ्यावरून ‘तिकडे जास्त’ म्हणणारे भेटतात. मे-जून महिन्यात ताडून बघा, किंवा बारा महिन्यांची सरासरी घ्या.

दुसरी फट कपातीची. कर्नाटकात व्यवसाय कर महिन्याला २५,००० पगारापासून पुढे लागतो. महाराष्ट्रात पुरुषांना १०,००० च्या वर गेलं की महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. महिलांना मात्र २५,००० पर्यंत सूट आहे. म्हणजे १८,००० घेणाऱ्या बेळगावच्या पुरुष कामगाराला कर शून्य, कागलला वर्षाचे २,५००. रक्कम छोटी, पण ‘हातात किती’ विचारणाऱ्यांच्या वादात ती हटकून घुसते.

तिसरी फट परिमंडळाची. दोन्ही राज्यं किमान वेतनासाठी आपापले भाग वेगळे पाडतात, आणि बेळगाव महानगरपालिकेच्या हद्दीतली शेड व चंदगडची शेड एका पायरीवर नसतात. तिन्ही फटी बुजवून मग जो फरक उरेल तो खरा. रोजचं पेट्रोल आणि जाण्या-येण्याचा तास त्यातून वजा करायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी करतो.

किमान वेतनाचा दर सरकार जाहीर करतंच. तोच निर्देशक म्हणून का वापरू नये?

कारण तो जाहीर होतो, बाजारात ठरत नाही. तरी त्याचा एक उपयोग आहे: हेल्परचा प्रत्यक्ष दर किमान दरापेक्षा किती वर आहे ते बघा. अंतर वाढत असेल तर माणसांची टंचाई आहे. प्रत्यक्ष दर किमान दराला चिकटून असेल तर गेटबाहेर रांग आहे. आणि तो खालीच असेल, तर तो निर्देशक नाही, तक्रारीचा विषय आहे.

महागाईचा हिशोब कसा लावायचा?

यासाठी आपल्याकडे चांगली सोय आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी लेबर ब्युरो ज्या केंद्रांवर भाव गोळा करतो, त्यांत बेळगाव आहे. आधारवर्ष २०१६ बरोबर १००. समजा आधी दर ८० होता तेव्हा निर्देशांक १२५, आणि आता दर ९० तेव्हा १४५. ८० भागिले १२५ गुणिले १०० म्हणजे ६४. ९० भागिले १४५ गुणिले १०० म्हणजे ६२ च्या जरा वर. दहा रुपयांची वाढ मिळूनही माणूस मागे सरकला.

वडगाव-शहापूरच्या विणकरांचा तासाचा दर कसा काढणार? ते तर साडीवर घेतात.

काढता येतो, पण प्रामाणिकपणे काढला तर जीव हळहळतो. वडगाव, शहापूर, खासबागच्या घरांत यंत्रमाग पुढच्या खोलीत असतो. मजुरी साडीमागे. माग चालवणारा एक माणूस दिसतो, म्हणून हिशोब त्याच्या तासांवर होतो. कांड्या भरणारी बायको, तुटलेला धागा जोडायला बसलेली म्हातारी आई, शाळेतून आल्यावर घडी घालणारी मुलगी यांचे तास कुठे लिहिलेले नसतात. ते मिळवले की भाजक वाढतो आणि दर निम्म्याकडे घसरू शकतो. वीज गेली की माग थांबतो. त्या तासांचे पैसे नाहीत, पण माणूस तिथेच बसून असतो. तो वेळ धरायचा की नाही? धरायचा. कारखान्यात भट्टी बंद पडली तर पाळी भरतेच ना.

इचलकरंजीत यंत्रमागाची मजुरी ५२ पिकाच्या (इंचात ५२ आडवे धागे) कापडाला मीटरमागे इतके पैसे, अशी ठरते. तिथे निदान एक उघड आकडा असतो आणि त्यावर भांडता येतं. साडीच्या मजुरीत नक्षी बदलली की दर बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची तुलनाच उरत नाही.

निपाणीच्या बिड्यांचंही असंच. दर हजार बिड्यांवर. हजार बिड्या वळायला किती तास लागले, पान भिजवून कातरायला किती, आणि छाट म्हणून किती बाजूला काढल्या, हे तिन्ही धरल्याशिवाय तासाचा दर निघत नाही. छाटलेल्या बिडीवर गेलेला वेळ बाईचाच असतो.

साखर कारखान्यांचं काय?

चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक भागात रोजगाराचा मोठा हिस्सा तिथे आहे, पण गळीत हंगाम संपला की चित्र बदलतं. हंगामी कामगाराचा दर हंगामातल्या तासांवरच काढा आणि गेल्या हंगामाच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. ऊसतोड टोळ्यांची टनावरची मजुरी यात मिसळू नका. ते शेतीकाम धरलं जातं, कारखान्याचं उत्पादन नव्हे.

शिकाऊ आणि ट्रेनी मोजायचे का?

अप्रेंटिसला मिळतं ते विद्यावेतन, मजुरी नव्हे. सरासरीत घेऊ नका. मात्र तीन-तीन वर्षं ‘ट्रेनी’ म्हणून तीच सीएनसी चालवणारा पोरगा शिकाऊ नसतो. त्याला ऑपरेटरमध्येच धरा, मग त्या कारखान्याचा ऑपरेटरचा दर खरा दिसेल.

दिवाळीचा बोनस तासाच्या दरात येतो का?

निर्देशकात नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आकडा उगाच फुगतो. कायद्याने किमान ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के. तो वर्षाच्या बेरजेत वेगळ्या रकान्यात लिहा.

मला स्वतः अशी नोंद ठेवायची आहे. किती माणसं लागतील?

संख्येपेक्षा सातत्य महत्त्वाचं. चार पदं धरा: हेल्पर, फेटलिंग, सीएनसी ऑपरेटर, आणि एखादा मोल्डर किंवा टर्नर. दर तीन महिन्यांनी त्याच कारखान्यांतल्या त्याच पदांचे दर लिहा: पाळी किती तासांची, ओटी सिंगल की डबल, माणूस कंपनीचा की ठेक्याचा. फेटलिंग बऱ्याचदा किलोवर असतं. तिथे दिवसाचं वजन आणि दिवसाचे तास दोन्ही विचारा. नावं लिहू नका, कारखान्याला नुसता क्रमांक द्या. वही चुकून कुणाच्या हाती लागली तर ज्यांनी माहिती दिली त्यांना त्रास व्हायला नको.

ओटीचे पैसे वेगळे, रोखीने मिळतात, स्लिपवर येत नाहीत. ते धरायचे?

धरायचे, आणि त्यांचे तासही धरायचे. फक्त पुढे एक खूण करून ठेवा. पीएफ, ईएसआय आणि बोनस यांतलं काहीच त्या पैशांवर मिळत नाही, त्यामुळे स्लिपवरच्या १०० रुपयांइतके ते १०० रुपये भरत नाहीत.